पाठीवरची निळी शाई: शहापुरातल्या एका विमानचित्र संग्रहाचं प्रकरण

जुलैतल्या एका गुरुवारी सकाळी सकाळी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, अण्णांची विमानं भिजली. लगेच येता का?”

वहिनी म्हणजे अण्णांच्या पत्नी. अण्णा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. विमानं म्हणजे बेळगावच्या शहापुरातल्या त्यांच्या जुन्या घरात, सोप्यात आणि माजघरात टांगलेली ३४ चित्रं. मंगळवारी रात्रभर पाऊस लागला होता. माकडांनी सरकवलेल्या मंगळुरी कौलाच्या फटीतून पाणी शिरलं आणि पश्चिमेच्या भिंतीवरून उतरत नऊ चौकटींच्या मागं गेलं. ते लक्षात आलं बुधवारी दुपारी. म्हणजे माझ्या हाती वेळ थोडाच उरला होता, कारण आपल्याकडच्या पावसाळी हवेत ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरायला लागते.

लढाऊ विमानांची चित्रं आणि प्रिंट मी स्वतः बरीच वर्षं जमवतो आहे. अण्णांची आणि माझी ओळख त्यातूनच झाली. या प्रकरणात काही वाचलं, काही गेलं. जे गेलं त्यातलं बरंचसं पाण्यानं गेलं नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. घरच्यांची संमती आहे. नावं मात्र नकोत असं त्यांचं म्हणणं पडलं.

अण्णा आणि त्यांचा संग्रह

अण्णा खानापूर तालुक्यातले. विसाव्या वर्षाच्या आत हवाई दलात भरती झाले, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, झाले आणि नोकरीचा मोठा काळ नॅट या लढाऊ विमानांवर काढला. शेवटची काही वर्षं बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवत होते. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ सालची, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं बांधलेली. सीमाभागातल्या आमच्या पिढीला विमान पहिल्यांदा दिसलं ते तिथंच, कुंपणाबाहेर सायकल टेकवून. मराठा लाइट इन्फंट्रीमुळं बेळगावात फौजी घरं पुष्कळ. अशा घरात भिंतीवर महाराजांची तसबीर, शेजारी पलटणीचा फोटो हे नेहमीचं दृश्य. अण्णांच्या भिंतीवर मात्र १९३३ सालच्या वापिती विमानापासून मिगपर्यंत सगळी रांग होती.

संग्रहात चार प्रकारचा माल होता. १५ कॅलेंडरची पानं आणि पोस्टर, ११ साधे छापील प्रिंट, ५ सह्या आणि क्रमांक असलेले मर्यादित आवृत्तीचे प्रिंट आणि ३ हातानं रंगवलेली मूळ चित्रं. बाजाराच्या हिशेबानं किंमत शेवटच्या आठांना. अण्णांनी मात्र सगळ्यांना सारखीच वागणूक दिली होती. कॅलेंडरच्या पानालाही सागवानी पट्टीची चौकट होती.

सह्यांच्या प्रिंटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नवीन मंडळी इथंच फसतात. विमानचित्रांची मोठी परंपरा इंग्लंडची. फ्रँक वूटन हा महायुद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी चित्रं काढणारा चित्रकार. नॉर्मंडीनंतर तो आपल्या बाजूला, आग्नेय आशियातही येऊन गेला. पुढं १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाथ गावच्या रॉबर्ट टेलरच्या स्पिटफायर विमानाच्या प्रिंटवर डग्लस बाडर आणि जॉनी जॉन्सन यांच्यासारख्या नामांकित वैमानिकांच्या सह्या घेतल्या गेल्या, आणि चित्रकाराबरोबर वैमानिकानंही पेन्सिलीनं सही करायची ही रीत जोरात सुरू झाली. टेलर आधी चौकटीच्या दुकानात कामाला होता. अण्णांना या गोष्टीचं फार कौतुक होतं. “चौकट कळते त्याला चित्र कळतं,” असं ते म्हणायचे.

अशी सही खरी की छापील हे दहा पट भिंगाखाली लगेच कळतं. ऑफसेट छपाईत सगळं चित्र निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांच्या जाळीनं बनलेलं असतं. सहीसुद्धा त्या जाळीतच दिसली तर ती छापलेली. खऱ्या पेन्सिलीची रेघ कागदाच्या उंचवट्यांवर तुटक बसते आणि कागद तिरपा धरला की शिशासारखी चमकते. अण्णांच्या पाचही प्रिंटवरच्या सह्या अस्सल होत्या. आवृत्तीतला क्रमांक जितका लहान तितका प्रिंट भारी, हा समज मात्र ऑफसेटला लागू नाही. पूर्वी तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छपाई करता करता तो पत्रा झिजायचा, तिथं त्याला अर्थ होता. इथं पाचवी प्रत आणि पाचशेवी प्रत यांत डोळ्याला फरक दिसत नाही. आवृत्ती किती प्रतींची, सह्या कुणाच्या आणि कागद किती धड, एवढंच पाहायचं.

गुरुवार ते शनिवार

मी पोचलो तेव्हा भिजलेल्या नऊपैकी सात चौकटी सतरंजीवर मांडून ठेवल्या होत्या. उरलेल्या दोन चौकटी अण्णांचा पुतण्या आदल्या संध्याकाळीच बाजारात फ्रेमवाल्याकडं देऊन आला होता. त्यांचं पुढं सांगतो.

घरात शेगडी पेटवायची तयारी चालली होती आणि एक नातेवाईक इस्त्री घेऊन बसले होते. दोन्ही थांबवलं. ओला कागद एकदम तापवला की आक्रसतो, वाकडा होतो आणि त्यावरचे डाग कायमचे बसतात. खिडक्या उघडल्या, पंखा भिंतीकडं तोंड करून लावला आणि एकेक चौकट पालथी घालून मागचे खिळे उपसले. खडेबाजारातून टिपकागद आणवला. कागदाखाली एक, वर एक, त्यावर पाट. दर दोन तासांनी टिपकागद बदलायचा. शनिवारी संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं, आणि वहिनी एकदाही झोपायला गेल्या नाहीत.

कॅलेंडरची दोन पानं लगद्यासारखी झाली होती. फोटो काढून घेतले आणि सोडून दिली.

मिग-२१ चा साधा प्रिंट चकचकीत आर्ट पेपरवरचा होता. आपल्या दलात १९६३ पासून २०२५ पर्यंत राहिलेलं हे विमान. अण्णांनी ते काचेला अगदी चिकटून बसवलं होतं. आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो, तो ओला झाला की गोंदासारखा वागतो. वाळताना कागद काचेला धरून बसला. ओढला असता तर विमानाचं नाक काचेवर राहिलं असतं आणि शेपूट कागदावर. तसाच काचेसकट ठेवला आहे. काच आणि चित्र यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरची पट्टी टाकली असती तर हा प्रिंट आज मोकळा असता.

सह्या असलेला हरिकेन विमानाचा प्रिंट जाड, बिनचकचकीत कागदाचा. तो सुखरूप वाळला. खालच्या कडेला ओलीची तपकिरी रेघ राहिली, पण चारही सह्या जशाच्या तशा. पेन्सिलीचं शिसं पाण्यात विरघळत नाही.

मूळ चित्रांपैकी दोन ओली झाली होती. एक नॅटचं, हार्डबोर्डवरचं तैलचित्र, अण्णांच्या तुकडीतल्या एका सहकाऱ्यानं काढलेलं. त्याचा डावा कोपरा पाण्यानं फुगला, रंग मात्र जागचा हलला नाही. दुसरं १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईचं, पोस्टर कलरमधलं. त्यात हंटर विमानं रणगाड्यांवर झेपावताहेत. पोस्टर कलरला पाणी म्हणजे मरणच. उजवीकडं चार बोटं रुंदीच्या पट्ट्यात वाळू, धूर आणि एक रणगाडा सगळं एकमेकांत मिसळून खाली ओघळलं होतं.

ते चित्र दुरुस्त करून द्यायला एक ओळखीचे चित्रकार आपणहून आले. बेळगावला चांगल्या हातांची वाण नाही, के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकून रवी परांजपे इथूनच पुढं गेले. आलेले गृहस्थही कसबी होते, आणि पट्टा त्यांनी बेमालूम भरला असता. मी नको म्हटलं आणि अजूनही तेच म्हणेन. ओघळलेला भाग हा मूळ हाताचा राहिलेला अवशेष आहे. त्यावर दुसऱ्यानं रंग भरला की पुढच्या माणसाला कुठलं कुणाचं ते कधीच कळणार नाही.

बाजारात गेलेल्या दोन चौकटी

शुक्रवारी त्या दोन चौकटी परत आल्या, नव्या कोऱ्या. एक कॅलेंडरचं, मारुत या लढाऊ विमानाचं पान, दुसरा सह्यांचा स्पिटफायर. दोन्हींवर गरम लॅमिनेशन मारलेलं, मागं नवीन प्लायवूड.

फ्रेमवाल्याच्या मनात वावगं काहीच नव्हतं. लग्नाचे फोटो, देवदेवतांची चित्रं, सगळ्यांचं तो हेच करतो, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक तेच मागतं. पण लॅमिनेशनचा प्लास्टिकचा थर उष्णतेनं कागदात बसतो. तो काढायला गेलं तर शाई निघते, पेन्सिल निघते. सही आता प्लास्टिकखाली आहे, भिंगानं तपासता येत नाही. संग्राहकाच्या दृष्टीनं तो प्रिंट संपला.

मी तडक दुकानात गेलो आणि विचारलं, मागचा जुना पुठ्ठा कुठाय?

“ते होय? टाकलं की, सर. कुजलं होतं सगळं. कचऱ्याची गाडी सकाळीच गेली.”

मला लॅमिनेशनपेक्षा याचा घाव जास्त लागला. का, ते पुढं.

पाठीमागं काय होतं

प्रत्येक चित्राच्या पाठपुठ्ठ्यावर अण्णांनी मराठीत टिपण लिहिलं होतं. चित्र कुठून आलं, कुणी आणलं, टपालाला किती दिवस लागले, आणि त्याखाली, फिटरच्या नजरेनं, चित्रात काय बरोबर आणि काय चूक. काही बॉलपेननं, बरीचशी शाईच्या पेननं, निळ्या शाईत. ही टिपणं आहेत हे मला ठाऊक होतं. अण्णांनी दोन-चारदा चौकट उतरवून मला वाचून दाखवली होती. सोप्यात बसून चहा पिताना खिशातला मोबाइल काढून त्यांचे फोटो घ्यावेत, हे मात्र इतक्या वर्षांत मला एकदाही सुचलं नाही. ही चूक माझी, आणि ती मला डाचते.

इंफाळच्या हरिकेनचा साधा प्रिंट घ्या. चित्राखाली १९४४ साल छापलेलं. त्या वर्षी अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली आपली एक नंबरची स्क्वाड्रन तिथं हरिकेन उडवत होती, आणि माउंटबॅटननी अर्जन सिंग यांना डीएफसी हे शौर्यपदक तिथंच लावलं. प्रिंटमधल्या विमानाच्या पंखावरच्या गोलात मध्यभागी तांबडा ठिपका आहे. पाठीवर अण्णांनी लिहिलं होतं: “तांबडा ठिपका चूक. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तांबडा काढून टाकला होता, जपान्यांच्या सूर्याशी गल्लत नको म्हणून. निळा आणि फिका निळा पाहिजे.” हे अगदी खरं आहे. बॉलपेननं लिहिलेलं असल्यामुळं ओल लागूनही टिकलं. प्रिंट दीडदमडीचा, पण हे टिपण वाचून कुणाही नवशिक्याला साल आणि खूण कशी ताडून पाहायची ते कळेल.

लोंगेवालाच्या पाठीवर निळी शाई होती. ती सगळी पसरली. पुठ्ठ्यावर आभाळासारखा एक डाग उरला होता. अण्णांचा मुलगा पुण्याहून शुक्रवारी रात्री आला. शनिवारी आम्ही दोघांनी खोलीत अंधार केला आणि पुठ्ठ्याच्या अगदी कडेला बॅटरी आडवी धरली. तिरप्या उजेडात निबेचे ओरखडे कुठं कुठं उठून दिसत होते. मोबाइलवर फोटो काढून निळा रंग गडद केला. तासाभरानं एवढंच लागलं: “…रात्र दाखवली आहे… हंटर उजाडेपर्यंत… जैसलमेर…” पुढं नाही.

तेवढ्यावरून अर्थ जुळतो. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे लोंगेवालावर चालून आले. जैसलमेरच्या हंटरना रात्रीच्या हल्ल्याची सोय नव्हती, ती ५ तारखेला उजाडताच उडाली, आणि रणगाडे उघड्या वाळूत सापडले. चित्रकारानं आभाळ काळंनिळं रंगवून चांदणं दाखवलं आहे. अण्णांना ते खटकलेलं असणार. खाली आणखी तीन ओळी होत्या. त्या काय होत्या हे आता कुणी सांगू शकत नाही.

स्पिटफायरच्या पाठीवर काय होतं तेही आता कळायचं नाही. वहिनींना एवढंच आठवतं की तो प्रिंट त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या वर्षी पार्सलनं आला होता, आणि सोडवून आणायला अण्णा भर मांडवातून उठून पोस्टात गेले होते.

खरेदीदाराचं म्हणणं

ऑगस्टमध्ये बाहेरगावचा एक खरेदीदार घरी आला. सगळा संग्रह एकरकमी मागत होता. मुलाचं मन द्यायचं होतं आणि त्यात गैर काही नव्हतं. पुण्यातल्या दोन खोल्यांत ३४ चौकटी कुठं लावणार? खरेदीदार माहितगार वाटला. सह्या असलेले चार प्रिंट त्यानं बाजूला काढले, बाकीचे रद्दीच्या भावात धरले. नॅटच्या तैलचित्रावर तर बोटच ठेवलं. “विमान हवेत पार वळलंय, लढतंय, आणि चाकं अर्धी बाहेर? काढणाऱ्याला विमान माहीत नव्हतं. कोपराही फुगलाय.”

वहिनी उठल्या, चौकट भिंतीवरून उतरवली आणि पालथी करून त्याच्यासमोर धरली. बॉलपेन होतं, शाबूत. “चाकं बरोबर आहेत. नॅटला वेगळे एअरब्रेक नाहीत. वेग मारायला हीच चाकं अर्धी खाली सोडतात. पाहुणे हसतील, हसू देत.”

हेही शंभर टक्के खरं. नॅट हे टेडी पेटर यांनी मुद्दाम लहान आखलेलं विमान, पंखांची लांबी जेमतेम पावणेसात मीटर. वजन वाचवायला एकेका भागाकडून दोन दोन कामं घेतली होती. अर्धवट सोडलेली चाकं आणि त्यांची झाकणं हाच त्याचा हवेतला ब्रेक. ज्यानं ते चित्र काढलं त्यानं नॅट जवळून पाहिलं होतं. हवाई अड्ड्यावरून वर बघत बसणाऱ्या माणसाला दिसतं तसं ते आहे. १९६५ मध्ये पाकिस्तानी सेबर विमानं पाडणारं विमान म्हणून, १९७१ मध्ये बोयऱ्याच्या आणि श्रीनगरच्या लढाईसाठी नॅटची चित्रं पुष्कळांनी काढली. त्यांतली बरीच फोटोवरून काढलेली, आणि विमान उडताना चाकं आत असतात एवढं गृहीत धरून.

खरेदीदारानं ते दोनदा वाचलं. मग रक्कम वाढवून दिली, पण एका अटीवर: सगळे पाठपुठ्ठे मूळचे पाहिजेत. म्हणजे ज्या पुठ्ठ्यांना आपण कुजका माल समजतो त्यांनाच त्याचे पैसे होते.

इथं मुलानं निर्णय घेतला. संग्रह मोडायचा नाही आणि सध्या विकायचाही नाही. मी सल्ला दिला नव्हता. विचारलं असतं तर कदाचित साध्या प्रिंटपैकी काही विका म्हणालो असतो, आणि टिपणांसकट ते गेले असते.

त्यानंतर

कामाला दोन महिने लागले. उरलेल्या ३२ चौकटींच्या पुढून आणि मागून फोटो काढले. प्रत्येकीला क्रमांक दिला आणि टिपणं एका जाड वहीत शब्दशः उतरवली, अण्णांच्या शुद्धलेखनासकट. लाकडाच्या लगद्याचे जुने पुठ्ठे आम्लामुळं प्रिंटला पिवळे करत होते, म्हणून ते कागदापासून वेगळे करणं भाग होतं. पण फेकले नाहीत. पुण्याहून आम्लमुक्त सुती बोर्ड मागवला, तो प्रिंटच्या लगत बसवला, आणि अण्णांचा पुठ्ठा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून चौकटीच्या सर्वांत मागं ठेवला. प्रिंट सेलोटेपनं न चिकटवता वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून टांगते ठेवले. उद्या कुणाला काढायचे झाले तर ओलसर बोळ्यानं पट्टी सुटते. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर मागून बुचाचे तुकडे लावले, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यात वारा खेळतो. पश्चिमेची भिंत मोकळी केली. सगळी चित्रं आतल्या भिंतींवर गेली.

हे काम त्याच फ्रेमवाल्यानं केलं. मी त्याला नॅटच्या पाठीवरचं टिपण वाचायला दिलं होतं. आता जुनी चौकट आली की तो आधी गिऱ्हाइकाला विचारतो, मागं काही लिहिलंय काय बघा.

लॅमिनेशन झालेल्या दोन्ही चौकटी संग्रहात आहेत. वहीत त्यांच्या पानावर घडलं ते सरळ लिहिलं आहे.

शेवटच्या दिवशी लोंगेवालाचं चित्र बसवून झालं. मुलानं नवीन बोर्डाचं मागचं अंग वर केलं, खिशातून पेन्सिल काढली आणि अण्णांच्यासारखंच लिहायला घेतलं. तारीख, पाणी कुठून आलं, रंग किती गेला, टिपणातलं किती वाचता आलं. “पेन कशाला नाही घेतलंस?” वहिनींनी विचारलं. “पेन्सिल भिजत नाही, आई,” तो म्हणाला, आणि पुढच्या चौकटीकडं वळला.